Re: आयएसओ म्हणजे नुसती फायलींची भरती?

वर म्हटलंय की आयएसओ ९००१ (कंपनीतल्या क्वालिटी व्यवस्थेचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) म्हणजे ऑडिटच्या आदल्या रात्री फायली रंगवायच्या. अर्धं पटतंय, मीपण रंगवल्यात :) पण २०१५ च्या आवृत्तीत क्वालिटी मॅन्युअल बंधनकारक राहिलेलंच नाही, तरी आपल्याकडे तो जाडजूड बाड अजून कपाटात असतोच, कारण कन्सल्टंट तोच विकतो.

पुण्याजवळ भोसरीत एका छोट्या सीएनसी शॉपला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर धातूचे पार्ट बनवणारं वर्कशॉप) होतो तेव्हाची गोष्ट. सकाळच्या शिफ्टचे पहिले आठ-दहा पीस बोअरमध्ये (आतल्या भोकाच्या साइजमध्ये) रिजेक्ट, नंतर दिवसभर सगळं ओके. व्हाय-व्हाय फॉर्मवर (पुन्हा पुन्हा 'का?' विचारून मूळ कारण शोधायचा फॉर्म) दर वेळी एकच कारण, "ऑपरेटरचा निष्काळजीपणा", आणि अ‍ॅक्शन काय तर "ट्रेनिंग दिले", खाली सही. नवीन सुपरवायझर आला, त्याने फॉर्म बाजूला ठेवला आणि सकाळी सातला मशीनजवळ उभा राहून ऑपरेटरलाच विचारलं, काय होतंय रे? तो म्हणाला साहेब, ऑफसेट (साइज जुळवायला मशीनमध्ये टाकलेलं करेक्शन) काल संध्याकाळी गरम मशीनवर मारलेला, रात्रभर मशीन बंद, सकाळी थंड असतं मग साइज हलणारच की! त्याला हे दोन वर्षं माहीत होतं, विचारलंच नव्हतं कुणी. वीस मिनिटं मशीन रिकामं चालवायचं आणि पहिला पीस बोअर गेजने तपासून मगच लॉट सुरू करायचा, एवढंच केलं, सकाळचं रिजेक्शन जवळजवळ थांबलं. आयएसओच्या क्वालिटीच्या त्या सात तत्त्वांत 'लोकांचा सहभाग' म्हणून जे लिहिलेलं असतं ना ते हेच, बाकी त्याचं पोस्टर आमच्या कँटीनमध्ये पहिल्यापासून होतं.