परीकथेत परी नसेल तर?

दांडियाबाजारवाली: आमच्या वाचनमंडळासाठी ग्रिम बंधूंच्या गोष्टी मराठीत करतेय. मुखपृष्ठावर ‘परीकथा’ लिहिलं, तर सासूबाई म्हणाल्या, लांडगा आजीला गिळतो, त्यात परी कुठंय? बडोद्याची आमची मुलं गुजराती वळणानं ‘आजी, वार्ता सांग’ म्हणतात, पण मराठीत वार्ता म्हणजे बातमी. काय लिहू?

जुना मास्तर: सासूबाईंचं बरोबर आहे. १८१२च्या पहिल्या खंडाच्या जर्मन नावात मुलं आहेत, घर आहे, परी नाही. परी आली फ्रेंचांकडून इंग्रजीत आणि तिथून आपल्याकडे. त्यातून शब्द फारसी. ‘अद्भुतकथा’ लिहा.

रावपुरेकर: मास्तर, फारसी म्हणून परी घालवायची तर कागद आणि शाईही घालवा, मग छापणार कशावर? आणि ‘अद्भुतकथा सांग’ म्हणत कुठलं पोर आजीच्या मांडीवर बसतं? ‘वार्ता’च ठेवा. गुजराती कवी प्रेमानंद भट इथलेच, सतराव्या शतकातले. माणभट्ट तांब्याच्या घड्यावर बोटांतल्या अंगठ्या वाजवत त्यांची आख्यानं गायचे. आमचे आजोबा ती गुजरातीत ऐकून यायचे आणि रात्री नळ-दमयंती आम्हाला मराठीत सांगायचे. त्यालाही आम्ही वार्ताच म्हणत असू.

जुना मास्तर: आख्यान वेगळं, वार्ता वेगळी. सरमिसळ नको.

इंदूरकरीण: आमच्याकडे हिंदीमुळे कुठलीही गोष्ट ‘कहाणी’. पुण्याच्या जाऊबाईंनी हटकलं, कहाणी फक्त व्रताची, हातात अक्षता घेऊन ऐकायची.

जुना मास्तर: जाऊबाईंना सांगा, संस्कृत कथानिका, प्राकृत कहाणिआ, त्यावरून कहाणी. व्रत मागाहून चिकटलं. इंदूरचा वापर मुळाला धरून आहे.

रावपुरेकर: म्हणजे इंदूरला हिंदी चालते, आम्हाला गुजराती नाही?

दांडियाबाजारवाली: अहो, माझं मुखपृष्ठ राहिलंय.

सुरसागर: कहाणीचा विषय निघालाच आहे तर, ‘साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी’ यातलं उत्तर म्हणजे काय? आई सांगायची, उत्तर म्हणजे बोल. साठ बोलांची गोष्ट पाचांत आटोपली.

जुना मास्तर: आईंचं योग्य. जुन्या मराठीत उत्तर म्हणजे वचन.

इंदूरकरीण: मला नाही पटत. आमची आजी म्हणायची, साठ प्रश्नांची उत्तरं.

जुना मास्तर: कहाणीत प्रश्न असतात कुठे?

इंदूरकरीण: खुलभर दुधाची आठवा. राजानं गावातलं सगळं दूध ओतवलं तरी महादेवाचा गाभारा भरेना आणि म्हातारीच्या खुलभर दुधानं भरला. तिनं आधी घरातली मुलंबाळं, गाईवासरं तृप्त केली होती. राजाला पडला तो प्रश्नच ना?