अनुभव धागा: मराठीतून प्रबंध लिहिताना हाताशी काय ठेवता?

विद्यापीठात मराठीतून प्रकल्प, शोधनिबंध, प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी हा धागा. कोणते पुस्तक, कोश किंवा साधन नेमके कशासाठी उघडायचे आणि ते कुठे दगा देते, तेवढे उदाहरण देऊन लिहा. नुसत्या नावांचा उपयोग होत नाही.

रफार:
आधी मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम वाचा. १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४, एकूण १८ आहेत. एका बैठकीत वाचून होतात. पण प्रबंधात खऱ्या चुका होतात त्या सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचे जे रूप होते त्यात. फूल–फुलाला, गरीब–गरिबाला इथे उपान्त्य (शेवटून दुसरे) अक्षर ऱ्हस्व होते. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेल्या शब्दात होत नाही: शरीर–शरीराला, विद्यापीठ–विद्यापीठात. 'विद्यापिठात' हे रूप तर मुखपृष्ठावरसुद्धा दिसते, आणि ते बघून जीव तुटतो. शब्द तत्सम आहे की नाही हे कळत नसेल तर अंदाज बांधू नका, अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' उघडा. त्यात शब्दाबरोबर सामान्यरूपही दिले आहे. समासासाठीही तोच बरा: पक्षी, पण पक्षिमित्र, कवी, पण कविसंमेलन.

जुनी_पोथी:
मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' अर्थासाठी, लिंगासाठी, जुन्या वापरासाठी बघा. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल कोशसंग्रहात दोन्ही शोधता येतात. शुद्धलेखनासाठी मात्र त्यांचा आधार घेऊ नका; दोन्ही १९६२ च्या आधीचे, त्यामुळे 'नांव', 'गांव' असे अनुस्वार तिथे भेटणारच. शोधताना आजचे रूप सापडले नाही तर अनुस्वार देऊन पुन्हा शोधा.

खिळा_जुळारी:
टंकनाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून लिहितो. 'पद्धत'मध्ये आधी द, मग हलन्त (पाय मोडायचे चिन्ह), मग ध. 'पध्दत' हे उलटे जोडाक्षर जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना हमखास शिरते. पूर्ण फाइलमध्ये 'ध्द' शोधून 'द्ध' करा. शुद्ध, सिद्धान्त, प्रसिद्ध सगळे एका फटक्यात सुधारतात. दुसरे, 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे.

लिबरऑफिसला मराठी शब्दतपासणी जोडता येते. भाषेच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'समोर मराठी निवडायला विसरू नका. हिंदी राहिली तर निम्मे पान लाल होते. आणि 'दिन'च्या जागी 'दीन' पडले तर ही तपासणी गप्प बसते, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. शेवटचे वाचन कागदावरच करा.

सरळवाक्य:
परिभाषेसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश घ्या. एका संज्ञेला एकच प्रतिशब्द ठरवून त्याची यादी पहिल्या दिवसापासून ठेवा. पाचव्या प्रकरणात 'variable'साठी 'चल' आणि 'परिवर्तक' दोन्ही आले की परीक्षकाला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात.

शैलीसाठी मात्र कोश कामाचा नाही. हे वाक्य बघा: 'संशोधकाद्वारे माहितीचे विश्लेषण करण्याचे कार्य करण्यात आले.' यातला ऐवज फक्त 'माहितीचे विश्लेषण केले' एवढाच. 'द्वारे', 'करण्यात आले', 'च्या माध्यमातून' हे तीन शब्दप्रयोग फाइलमध्ये शोधा आणि प्रत्येक ठिकाणी साधे क्रियापद बसते का ते पाहा. 'विद्यार्थ्यांची मदत केली' दिसले तर 'विद्यार्थ्यांना' करा. ते हिंदीचे वळण आहे.