ब्राउन्सचा १९४६ पासूनचा इतिहास कोणाचा, क्लीव्हलंडचा की बाल्टिमोरचा?

एरीकाठ:
एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, दप्तरी क्लीव्हलंड ब्राउन्स हा १९४६ पासूनचा एकच संघ. १९९६ ते १९९८ तो फक्त 'स्थगित' होता. बाल्टिमोर रेव्हन्स म्हणे १९९६ चा नवा संघ! माझ्या मते ही निव्वळ कागदोपत्री सोय आहे. मालक आर्ट मॉडेलने ६ नोव्हेंबर १९९५ ला बाल्टिमोरला जायचं जाहीर केलं आणि पुढे खेळाडूंचे करार, कर्मचारी, ड्राफ्टमधले हक्क सगळं घेऊन गेला. क्लीव्हलंडकडे उरलं नाव, रंग आणि विक्रमांची वही.

१९९६ चा ड्राफ्टच बघा, म्हणजे संघांनी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडायचा कार्यक्रम, ज्यात कमकुवत संघाला आधी पाळी मिळते. रेव्हन्सनी चौथ्या क्रमांकावर जोनाथन ऑग्डन उचलला. चौथा क्रमांक कशामुळे? ब्राउन्सचा १९९५ चा हंगाम ५-११ (पाच विजय, अकरा पराभव) असा गेला म्हणून. सव्विसावा रे लुईस. तो क्रमांक आला ब्राउन्सच्याच सौद्यातून: १९९५ च्या ड्राफ्टमधली आपली दहावी निवड त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोला दिली होती, बदल्यात मिळालेल्या निवडींत सॅन फ्रान्सिस्कोची १९९६ ची पहिल्या फेरीतली निवडही होती. जानेवारी २००१ मध्ये रेव्हन्सनी जायंट्सना ३४-७ ने लोळवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, लुईस सामनावीर. 'नवा' संघ असा जिंकतो होय?

डॉगपाउंड:
साफ असहमत. तुम्ही करार वगळून बोलताय. जुन्या म्युनिसिपल स्टेडियमचा भाडेपट्टा १९९८ च्या हंगामापर्यंत होता. त्यावरूनच शहर कोर्टात गेलं, आणि ९ फेब्रुवारी १९९६ ची तडजोड त्यातून निघाली. नाव, रंग, इतिहास ही कुणी दिलेली भीक नव्हती. भाडेपट्टा मोडू देण्याची ती किंमत होती. शिवाय मॉडेलच्या घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी, ७ नोव्हेंबरला, मतदारांनी स्टेडियमच्या दुरुस्तीसाठीचा कर मंजूर केला होता. पैसा नव्हता म्हणून गेला, हे कुणी सांगू नये.

एरीकाठ:
अहो, मग तोच न्याय बाल्टिमोरला का नाही? मार्च १९८४ मध्ये बाल्टिमोरचा तेव्हाचा संघ कोल्ट्स रातोरात ट्रक भरून इंडियानापोलिसला गेले आणि १९५८ चं विजेतेपदसुद्धा सोबत नेलं. बाल्टिमोर कोल्ट्सचा क्वार्टरबॅक जॉनी युनायटसने इंडियानापोलिसशी आपला काही संबंध नाही असं उघड सांगितलं, तरी त्याचे विक्रम तिकडेच. ह्युस्टन ऑइलर्सचंही तेच, सगळं टेनेसीच्या टायटन्सकडे. एकाच शहरापुरता लागू होणारा नियम म्हणजे अपवाद.

डॉगपाउंड:
अपवाद आहेच, कुणी नाकारलंय? कोल्ट्सच्या वेळी असा करारच झाला नाही. क्लीव्हलंड नडलं म्हणून क्लीव्हलंडला मिळालं. क्लीव्हलंडच्या ओहायो राज्याने १९९६ मध्ये मॉडेलच्या नावाने ओळखला जाणारा कायदाही केला: करदात्यांच्या पैशातल्या स्टेडियमवर खेळणाऱ्या संघाने हलण्याआधी सहा महिने नोटीस द्यायची आणि स्थानिकांना विकत घ्यायची संधी द्यायची. २०१८ मध्ये कोलंबस क्रू या सॉकर संघासाठी तोच वापरला.

खडूस_पंच:
दोघंही मूळ घोळ सोडून भांडताय. इतिहास मिळाला, पण संघ उभारायला वेळ दिला नाही. कॅरोलिना आणि जॅक्सनव्हिल या नव्या संघांना १९९३ च्या अखेरीस मान्यता मिळाली, पहिला सामना १९९५ मध्ये. क्लीव्हलंडला अल लर्नर हा मालक मिळाला सप्टेंबर १९९८ मध्ये, ५३ कोटी डॉलरला, आणि वर्षभरात मैदानात उतरायचं! फेब्रुवारी १९९९ च्या विस्तार ड्राफ्टमध्ये (जुन्या संघांनी सोडलेल्या खेळाडूंतून नव्या संघाने निवडायचं) ३० संघांनी प्रत्येकी पाच, म्हणजे १५० खेळाडू बाहेर काढले. कुठला संघ चांगला माणूस सोडतो? वय झालेले, दुखापतग्रस्त किंवा पगार जड झालेले. त्यातून ३७ घेतले. मग पहिल्याच सामन्यात स्टीलर्सकडून ४३-०, हंगाम २-१४.

नवा संघ म्हणून बघितलं असतं तर लोकांनी चार वर्षं दिली असती. पण डोक्यावर पहिला प्रशिक्षक पॉल ब्राउनची ओळीने चार एएएफसी (एनएफएलआधीची ब्राउन्सची लीग) जेतेपदं, आणि संघाची एनएफएलमधली १९५०, ५४, ५५, ६४ ची. त्या मापाने बघायला गेलं तर प्रशिक्षक टिकणार कुठून? २०१७ मध्ये ०-१६ झाले ते काही एका दिवसात नाही.

एरीकाठ:
हेच तर म्हणतोय! वारसा कागदावर सोपवला, संघ बांधणारी माणसं गेली. ऑझी न्यूसम १९७८ ते १९९० ब्राउन्सचा टाइट एंड (चेंडू झेलणारा आणि अडवणारा खेळाडू), त्याचे आकडे क्लीव्हलंडच्या वहीत. ऑग्डन-लुईस निवडले त्याने रेव्हन्सचा अधिकारी म्हणून, बाल्टिमोरमध्ये बसून.

डॉगपाउंड:
न्यूसमचं श्रेय घ्या खुशाल. पण किकर मॅट स्टोव्हरचे १९९५ पर्यंतचे गुण ब्राउन्सच्या खात्यात आहेत आणि १९९६ पासूनचे रेव्हन्सच्या, हे रेव्हन्स स्वतःच्या विक्रमांच्या यादीत निमूट मान्य करतात. त्यांचाच आक्षेप नाही, तर तुमचा कसला?