बी-३०४ मधील ठोकाठोकी आणि खांब क्रमांक ७ जवळच्या फळ्या

बी-२०४ (सकाळी ११.४२)
सर्व सभासदांना नमस्कार. गेले नऊ दिवस रोज साडेदहा ते एक या वेळेत आमच्या डोक्यावर लाकूड ठोकण्याचा आवाज होत आहे. मुलगा महापेला रात्रपाळी करून येतो आणि सकाळी आठला झोपतो, हे सबंध बी विंगला ठाऊक आहे. बी-३०४ च्या ताईंबद्दल मला आदरच आहे, आमच्या दोन्ही मुलांना त्यांनीच भूमिती शिकवली. परंतु पुस्तकांचे कपाट घरी बनवण्याचा हा उपक्रम आणखी किती दिवस चालणार आहे, हे त्यांनी कृपया येथेच सांगावे.

ए-१०२ (११.५०)
पार्किंगमधील खांब क्रमांक ७ जवळ ठेवलेल्या या कपाटाच्या फळ्या कधी हलवणार आहेत? माझी स्कूटर सहज निघत नाही.

बी-३०४ (दुपारी १२.१५)
काका, मनापासून क्षमा मागते. दुपारी दोन ते चार शांतता पाळायची असते, म्हणून मी सकाळची वेळ निवडली. मुलाच्या झोपेचा विचार माझ्या डोक्यात आला नाही, ही माझी चूक आहे. आज आत्ताच काम थांबवले आहे. आवाज कशाचा होतो तेही सांगते. रंधा मारताना फक्त खरखर होते, ती खाली येत नसावी. कपाटाच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांत कप्पे बसवण्यासाठी आडव्या खाचा पाडायच्या आहेत, आणि त्यासाठी पटाशीवर लाकडी मोगरी मारावी लागते. पाच आडव्या फळ्यांची दोन-दोन टोके मिळून दहा खाचा होतात. त्यांपैकी सहा झाल्या, चार उरल्या आहेत. मला एका खाचेला जवळजवळ दीड दिवस लागतो.

सी-१०१ (१२.३१)
ताई, राग नसावा, पण इतकी वर्षे घरांच्या अंतर्गत सजावटीचे काम केल्यावर सांगावेसे वाटते की आयएस ७१० प्रतीचे, म्हणजे पाण्याला टिकणारे, प्लायवुड घेतले असते तर दोन कारागिरांनी दोन दिवसांत कपाट उभे केले असते. प्लायमध्ये पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते पावसाळ्यात फुगत नाही की हिवाळ्यात आकसत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत भरीव लाकडाचा हट्ट कशासाठी?

बी-४०१ (१२.३८)
ताईंनी सकाळची वेळ बदलायलाच हवी, हे मान्य. परंतु गेल्या वर्षी ज्यांच्या घरी लाद्या बदलताना ब्रेकर चालला, त्यांनी ‘नऊ दिवस’ मोजून लिहावे याचे आश्चर्य वाटते. त्या वेळी माझी दहावीतील मुलगी रोज ग्रंथालयात जाऊन बसत होती आणि आम्ही ग्रुपवर एक शब्दही लिहिला नव्हता.

बी-२०४ (१२.४४)
वहिनी, त्या कामाची लेखी परवानगी होती, अनामत रक्कम भरलेली होती आणि वेळेचा फलक लिफ्टपाशी लावलेला होता. विषय माझ्या लाद्यांचा नाही.

ए-१०२ (१२.४५)
विषय खांब क्रमांक ७ जवळच्या फळ्यांचाही आहे. कधी हलवणार?

सचिव (दुपारी १.०५)
सर्वांना विनंती की जुने हिशेब येथे काढू नयेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या काळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ताईंचे काम दिवसा चालते. तरीही खालच्या घरातील माणसाला झोप मिळत नसेल, तर केवळ नियमाकडे बोट दाखवून भागणार नाही.
मला आवाजापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची अधिक काळजी वाटते. मंगळवारी वॉचमनला मीटर रूमच्या दाराबाहेरच्या प्लास्टिकच्या बादलीत तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा सापडला. त्याने हात लावला तेव्हा तो कोमट होता. तो बोळा कोणाचा, हे कृपया स्पष्ट व्हावे.

बी-३०४ (१.२०)
तो बोळा माझा होता. कपाटाला हात घालण्यापूर्वी सरावासाठी मी एक पाट केला आणि त्याला जवसाचे उकळलेले तेल लावले. चिंध्या चुरगळून बादलीत टाकल्या आणि वर निघून गेले. हे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही, हवेतील प्राणवायू घेऊन ते घट्ट होते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. चिंधी पसरलेली असेल तर उष्णता निघून जाते. बोळ्यात ती कोंडते आणि काडी न लावताही कापड पेटू शकते. हे मी वाचलेले होते आणि तरीही घाईत विसरले. वॉचमनदादांचे आभार मी प्रत्यक्ष भेटून मानले आहेत. यापुढे प्रत्येक चिंधी माझ्या बाल्कनीच्या कठड्यावर एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळेल, आणि तोवर तेलाला मी हात लावणार नाही. सचिव साहेबांनी हवे तर येऊन पाहावे.

सी-३०२ (१.३३)
ताई, आणखी एक शंका आहे. या फळ्या तळोज्याकडच्या भंगारातून आणल्या आहेत असे कळले. आमच्या स्वयंपाकघरातील ट्रॉल्या वाळवीने खाल्ल्या, तेव्हाचा खर्च अजून विसरता येत नाही. बाहेरचे लाकूड इमारतीत आणताना कोणी तपासले का?

बी-३०४ (१.५२)
वहिनी, काळजी रास्त आहे. या न्हावा शेवा बंदरातून आलेल्या यंत्रांच्या खोक्यांच्या पाइनच्या फळ्या आहेत. परदेशातून माल घेऊन येणाऱ्या अशा लाकडावर गव्हाच्या ओंबीच्या चिन्हाचा शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ ही अक्षरे असतील तर लाकडाच्या गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश सेल्सिअस तापमान ३० मिनिटे राखलेले असते. ‘एमबी’ असेल तर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. मी ‘एचटी’च्याच फळ्या निवडल्या आणि ‘एमबी’च्या दोन फळ्या परत केल्या. मात्र या उष्णतेने त्या वेळची कीड मरते, पुढे वाळवी लागणारच नाही असे नव्हे. म्हणून कपाट पश्चिमेच्या ओल येणाऱ्या भिंतीला न लावता आतल्या कोरड्या भिंतीला लावणार आहे आणि वरून लोखंडी पट्टीने भिंतीत अडकवणार आहे. आमच्याकडे नातू येतो, तो सगळीकडे चढतो.

सी-१०१ यांच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. दादा, प्लायवुडला मी नावे ठेवत नाही. आमचे स्वयंपाकघर तुम्हीच केले आणि ते उत्तम टिकले आहे. मला कपाट हवे आहे हे खरे, पण त्याहून अधिक मला हे काम यायला हवे आहे. माझ्या फळ्या तेरा सेंटीमीटर रुंदीच्या आहेत, आणि कोशाचे जाड खंड ठेवायला पंचवीस सेंटीमीटरचा कप्पा लागतो, म्हणून दोन फळ्या कडेला कड लावून जोडाव्या लागतात. कड नेमकी काटकोनात रंधली जावी म्हणून मी चार दिवस धडपडले. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावला की प्रत्येक वेळी खालून उजेड दिसायचा. मग ए-५०३ च्या आजोबांनी सांगितले की दोन्ही फळ्या पुस्तक मिटल्यासारख्या एकमेकींवर ठेव आणि दोन्ही कडा एकदमच रंध. रंधा दोन अंशांनी कलला तर एक कड ९२ अंशांची होते आणि दुसरी ८८ अंशांची. पुस्तक उघडले की बेरीज १८० होतेच. पूरक कोन मी तीस वर्षे फळ्यावर काढले, ते त्या संध्याकाळी प्रथमच हाताला लागले. जोडलेल्या फळ्या खिडकीसमोर धरल्या तेव्हा मधून उजेडाची रेघसुद्धा आली नाही.

ए-५०३ (दुपारी ४.१०)
मी झोपलो होतो, आता सर्व वाचले. बी-२०४ ने मांडलेला त्रास खरा आहे आणि त्यावर उपाय आहे.
मी बेलापूर पट्ट्यातील ओतशाळेत लाकडी साचे करीत असे. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतले की थंड होताना शंभरात सुमारे एक भाग आकसते, म्हणून आमची मोजपट्टीच तेवढी लांब असे. तेथे पहिले वर्षभर मला हत्यारांना धार लावण्याखेरीज दुसरे काम दिले नव्हते. ताईंची पटाशी मी काल पाहिली. पाइनच्या फळीच्या टोकावर, जेथे तंतू आडवे कापले जातात, तेथे ती लाकूड कापत नव्हती, चुरडत होती. बोथट पटाशीला जोरात ठोकावे लागते, हे आवाजाचे पहिले कारण. तीस अंशांचा उतार राखून आधी हजार नंबरच्या आणि मग सहा हजार नंबरच्या दगडावर धार लावा, आणि पाठ आरशासारखी सपाट करा. मग तेच टोक मेणासारखे कापले जाईल आणि चकाकेल.
दुसरे असे की खाचेच्या दोन्ही कडा आधी करवतीने सहा मिलिमीटर खोल कापून घ्या. मधले लाकूड पटाशीला हातानेच रेटून निघते, आणि तळ सारखा करण्यासाठी खाचेचा रंधा माझ्याकडे पडून आहे, तो न्या. मोगरीची गरज फारच थोडी उरेल.
तिसरे, टेबल खोलीच्या मध्यावर आहे. स्लॅब मध्यावरच सर्वांत जास्त थरथरतो. टेबल तुळईजवळ भिंतीला न्या आणि पायांखाली रबराचे दोन थर घाला.

बी-२०४ (४.२८)
आजोबा, आपण सविस्तर लिहिलेत, आभारी आहे. वेळेबाबत मात्र निश्चित शब्द हवा.

बी-३०४ (४.३५)
काका, आजपासून ठोकण्याचे कोणतेही काम फक्त संध्याकाळी पाच ते सात या वेळेतच होईल, रविवारी मुळीच नाही. चार खाचा झाल्या की मोगरी बंद. मुलाच्या पाळीची वेळ बदलली तर मला कळवा, मी माझी वेळ बदलेन.

सी-१०१ (४.४१)
कप्प्याची लांबी किती धरली आहे, ताई? पाइन आहे, वीस मिलिमीटर जाडीत चार फूट धरले असेल तर पुस्तकांनी झोळी होईल.

बी-३०४ (४.५०)
दादा, आधी चार फूटच धरले होते. आजोबांनी हिशेब करायला लावला. कप्पा पुस्तकांनी पूर्ण भरलेला असेल तर वाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. ८० सेंटीमीटरऐवजी १२० घेतले तर लांबी दीडपट, पण वाक पाचपटीहून थोडा अधिक. जाडी दीडपट केली तर वाक तिसऱ्या घाताने, म्हणजे सुमारे साडेतीन पटीने, कमी होतो, पण तेवढ्या जाड फळ्या माझ्याकडे नाहीत. म्हणून ८० वर थांबले.

सी-१०१ (४.५४)
योग्य केलेत. पाठीच्या फळ्या पक्क्या खिळवू नका एवढेच सांगतो. लाकूड तंतूंच्या लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलते. जुलैत ते फुगलेले आहे, त्यामुळे फळ्या आत्ता कडेला कड टेकवून बसवल्या तरी चालतील. हिवाळ्यात फटी पडतील, त्या दिसू नयेत म्हणून कडा अर्ध्या कापून एकीवर दुसरी चढवा. क्लॅम्प हवे असतील तर माझ्याकडे चार आहेत.

ए-१०२ (५.०२)
सर्वांचे ज्ञान वाचून आनंद झाला. खांब क्रमांक ७ जवळच्या फळ्या कधी हलवणार आहेत, एवढेच मी सकाळपासून विचारत आहे.

ए-५०३ (५.०८)
त्यांचे बरोबर आहे, ताई. पार्किंगच्या ओलसर हवेत त्या फळ्या वाळणारही नाहीत. घरात नेऊन पलंगाखाली, मध्ये पट्ट्या घालून आडव्या ठेवा. ज्या खोलीत कपाट राहायचे, त्या खोलीची हवा लाकडाला आधी लागू द्यावी.

बी-३०४ (५.१५)
दादा, तुम्हाला दिवसभर उत्तर दिले नाही, क्षमा करा. अकरा फळ्या आहेत. सहा फुटी फळी लिफ्टच्या दारात अडकते, म्हणून जिन्याने न्याव्या लागतील. उद्या सकाळी नऊ वाजता दोन हमाल बोलावते.

बी-२०४ (५.२२)
हमाल कशाला? मुलगा म्हणतो की तो फळ्या वर आणून देईल. मात्र सकाळी नऊला नको, तेव्हा त्याची झोप नुकतीच लागलेली असेल. पाचला चालेल.

ए-१०२ (५.२४)
म्हणजे उद्या संध्याकाळी पाच. मी स्कूटर साडेचारलाच बाहेर काढून ठेवतो, फळ्या काढायला जागा होईल.