पुढचा डिस्क ब्रेक तापला की धरून बसतो (मदत हवी आहे)

मंडळी, दुचाकी २० वर्षांची आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम. मागच्याची तक्रार नाही. पुढच्याने मात्र तीन आठवडे वैताग आणलाय, आणि आता भीतीही वाटायला लागली आहे.

सकाळी चाक उचलून फिरवलं तर छान मोकळं फिरतं. सात-आठ किलोमीटर गर्दीतून चालवली, सारखा ब्रेक मारावा लागला, की लिव्हरचा प्ले (सुरुवातीची मोकळी हालचाल) हळूहळू नाहीसा होतो. मग लिव्हर दगडासारखा कडक. मग ब्रेकला हातही न लावता गाडी अशी चालते, जणू मागून कुणी धरून ठेवलंय. परवा थांबून डिस्कवर पाणी शिंपडलं तर चर्र करून वाफ झाली. अर्धा-पाऊण तास उभी ठेवली की आपोआप सुटते.

मला आधी कॅलिपरचाच (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग) संशय होता. दोन्ही पिस्टन काढले, सीलच्या खाचांतला पांढरा थर खरवडला, सील नवे टाकले. पिस्टन मागे आणायला तिथे स्प्रिंग नसते. दाबाने पीळ बसलेला तो चौकोनी सीलच सरळ होताना पिस्टनला मागे ओढतो, म्हणून त्या खाचांवर मी जवळपास अख्खी दुपार घालवली. पॅडही नवे. जुनं ऑइल निघालं ते काळ्या चहासारखं. डॉट ४ ब्रेक ऑइल भरून आत अडकलेली एअर नीट काढली, लिव्हर अजिबात स्पंजी नाही. तरी दुखणं जसंच्या तसं.

एक गोष्ट लक्षात आली. परवा अडकला तेव्हा कॅलिपरचा ब्लीड निपल (एअर काढायचा बारका स्क्रू) थोडा ढिला केला. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक लगेच सुटलं. म्हणजे पिस्टन जाम नाहीत, दाब आत कोंडून राहतोय. पण कुठे? होज पाईप मूळचाच आहे. जुना रबरी पाईप आतून फुगला की लिव्हरच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण परत येत नाही, एवढं माहीत आहे. की मास्टर सिलिंडर, म्हणजे लिव्हरजवळचा दाब तयार करणारा भाग? दोन्ही एकदम बदलता येईल, पण नेमकं काय बिघडलं होतं हे कळल्याशिवाय मला या ब्रेकवर भरवसा ठेवता येणार नाही. कसं ओळखायचं?

प्रतिसाद

निपल ढिला करून पाहिलंत ते बरं केलंत. आता तेच वरच्या टोकाला करा. पुन्हा अडकला की निपलला हात लावू नका. मास्टर सिलिंडरला पाईप जोडलाय तिथला बँजो बोल्ट (ज्यातून ऑइल जातं तो पोकळ बोल्ट) किंचित ढिला करा. चाक सुटलं तर दोष वर मास्टर सिलिंडरमध्ये, नाही सुटलं तर पाईप. खाली फडकं गुंडाळा, हे ऑइल रंग खातं. डोळ्यांवर चष्मा हवाच.

माझा कौल मास्टर सिलिंडरला. पाईप फुगला असता तर थंड असतानाही चाक उशिरा सुटलं असतं. मास्टर सिलिंडरवरच्या ऑइलच्या टाकीच्या तळाला दोन छिद्रं असतात. मोठं सहज दिसतं. दुसरं सुईच्या टोकाएवढं. लिव्हर सोडलेला असताना तापून फुगलेलं ऑइल त्या बारक्या छिद्रातून टाकीत परततं. ते बुजलं की त्याला जायला वाटच नाही. एअर काढताना हे कळत नाही, कारण तेव्हा ऑइल मोठ्या छिद्रातून आत येत राहतं. झाकण काढून लिव्हर अगदी हळू दाबा, बारक्या छिद्रातून ऑइल वर उसळताना दिसायला हवं. आणि लिव्हर बदललाय का? नव्या लिव्हरचं टोक जरा लांब असलं तरी मास्टर सिलिंडरचा पिस्टन पुरता मागे येत नाही आणि छिद्र झाकलेलं राहतं.

धागाकर्ता

लिव्हर मूळचाच आहे. आज अडकल्यावर बँजो बोल्ट ढिला केला आणि चाक तत्क्षणी सुटलं! घरी येऊन झाकण काढलं, हळू दाबून पाहिलं, काहीच उसळेना. टॉर्च धरूनही छिद्र दिसत नव्हतं. ऑइल शोषून घेतलं तर तळाशी पाकासारखा चिकट तपकिरी थर. तो पुसल्यावर एक ठिपका दिसला. आधी सर्क्लिप (पिस्टन अडवून ठेवणारी कडी) काढून पिस्टन बाहेर घेतला, नाहीतर तार थेट पिस्टनवरच्या रबरी कपाला टोचली असती. मग तांब्याच्या वायरमधली एकच तार त्यातून आरपार केली. कप नवे, बँजोचे तांब्याचे वायसर नवे, पुन्हा एअर काढली. तोच रस्ता, तीच गर्दी, आणि परत आल्यावर चाक एका बोटाने फिरतंय. तुमचे उपकार आहेत.

दोष नसला तरी २० वर्षांचा पाईप आता बदलणारच. रबरीच घ्यावा की स्टीलच्या जाळीचा? वापरणाऱ्यांनी सांगा.