इंग्रजीच्या गोष्टीत ‘काहील’ लिहिली म्हणून मार्क कापायचे?

शुक्रवार पेठकरीण
लेक नववीत आहे, इंग्रजी माध्यम. वर्गात काम मिळालं होतं : इंग्रजीत एक गोष्ट लिहा आणि खाली पानभर आपल्याच गोष्टीचं विश्लेषण करा. कल्पना मला आवडली, हे आधीच सांगते. आमच्या वेळी निबंध म्हणजे गाईडातनं उतरवायचा.

पोरीनं माझ्या वडिलांवर लिहिलं. ते गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारे कारागीर. आता गुडघ्यांमुळं घरीच असतात. गोष्ट गुऱ्हाळावरच्या एका पहाटेची. रस निवळायला भेंडीचं पाणी पडलंय, मळी काढून झालीय, काहील, म्हणजे रस आटवायची भली मोठी कढई, कधी उतरायची ते आजोबांनी ठरवायचं. ते पाक थंड पाण्यात सोडतात, गोळी वळते का बघायला हात घालतात आणि गोष्ट तिथंच संपते. वळली का नाही, सांगितलेलंच नाही.

वीसपैकी अकरा मिळाले. ‘काहील’, ‘गुळव्या’, ‘चुलवाण’ (गुऱ्हाळाची मोठी चूल) यांना लाल गोल, शेजारी ‘इंग्रजी शब्द वापर’. शेवटाला ‘गोष्ट अपुरी’. विश्लेषणावर नुसती तिरकी रेघ. त्यात तिनं लिहिलं होतं : ‘हात भाजला तरी आजोबा ओय करत नाहीत, म्हणून त्या वाक्यात मी विशेषण ठेवलं नाही. आधी तीन होती, खोडली.’ बाईंना हवे होते अलंकार आणि तात्पर्य. तुम्हीच सांगा.

फळा-खडू
ताई, मीही इंग्रजीच शिकवते, दुसऱ्या शाळेत. एका तुकडीत ६५ पोरं, तुकड्या दोन. १३० वह्या रात्री जेवणं झाल्यावर तपासायच्या. तिरकी रेघ कशी पडते ते मला ठाऊक आहे, तिचं समर्थन करत नाही. पण उद्या दहावीला कवितेचं रसग्रहण येणार, तिथं शीर्षक, कवी, यमक, अलंकार, मध्यवर्ती कल्पना हेच मुद्दे मागतात. ती सवय आम्ही नाही लावायची तर कुणी?

आणि लाल गोल मला पटतो. ‘गुळव्या’ वाचून गुवाहाटीच्या माणसाला काय कळणार?

कळंबा नाका
मॅडम, इंग्रजीतला ‘मंगूस’ हा आपला मुंगूसच आहे, मराठीतनं गेलेला. ‘जॅगरी’ पोर्तुगीजांकडनं इंग्रजीत शिरला, मूळ आपली शर्करा. तेव्हा कुणी लाल गोल काढले नाहीत. आणि कवी अरुण कोलटकर आपल्या कोल्हापुरातच जन्मले. त्यांच्या इंग्रजी ‘जेजुरी’त वाघ्या वाघ्याच आहे, मुरळी मुरळीच. त्या पुस्तकाला १९७७ साली राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला.

फळा-खडू
कोलटकर नववीत नव्हते हो. आधी त्यांची इंग्रजीवर मांड पक्की होती. मुंगसाला तिकडं शब्द नव्हता, म्हणून नेला. काहिलीला ‘पॅन’ आहे की.

शुक्रवार पेठकरीण
पॅनमध्ये आमलेट होतं मॅडम. काहील उतरायला चार गडी लागतात.

फळा-खडू
मग हेच चार गडी गोष्टीत आहेत का? असतील तर मी हरले. नसतील तर तो शब्द वाचणाऱ्याला नुसता ठेच लावतो. माझं म्हणणं एवढंच, शब्द ठेवायचा तर वाक्यानं त्याला उचललं पाहिजे.

शुक्रवार पेठकरीण
…नाहीत. बघितलं आत्ता.

शंकासुर
एवढं सगळं मोबाईलला विचारून लिहिलं नसेल कशावरनं? हल्ली विश्लेषणं तिथनंच येतात.

शुक्रवार पेठकरीण
खोडलेली तीन विशेषणं वहीत दिसतात, निळ्या शाईत. त्यातल्या एकाचं स्पेलिंगही चुकलंय.

वडणगेकर
आमचं गुऱ्हाळ होतं, तीन वर्षं झाली बंद करून. इंग्रजीचं तुमचं चालू द्या. ताई, गोळी बघताना जाळ कसा दाखवलाय पोरीनं?

शुक्रवार पेठकरीण
चुलवाण भडकलंय, ज्वाळा काहिलीच्या काठाला लागल्यात, असं आहे.

वडणगेकर
मग तिथं मी पण मार्क कापले असते! त्या टायमाला जाळ कमी करत्यात. उसाची चिपाडं घालायची थांबवायची, नाहीतर पाक करपला, गूळ काळा पडला आणि मार्केट यार्डात सौद्याला पडलं तोंड. एवढा जुना गुळव्या ज्वाळा उठू देईल होय? हे बाईंना दिसलं नाही, पुण्यातल्या परीक्षकालाबी दिसणार नाही. तिच्या आजोबांना वाचून दाखवा एकदा.

कळंबा नाका
वडणगेकर, खरं विश्लेषण तुम्हीच केलं राव.

शुक्रवार पेठकरीण
दाखवलं काल. मराठीत सांगत सांगत वाचलं तिनं. ज्वाळांपाशी आल्यावर वडिलांनी नुसता तळवा वर केला, ‘थांब’ म्हटल्यागत. आणि मग म्हणाले, ‘असं केलं की जळव्या चिपाडं टाकायचा थांबतो.’ पोरीनं ज्वाळांचं वाक्य खोडून तो तळवा घातला. गुळव्या हात वर करतो, जळव्या थांबतो, चार गडी काहिलीच्या कड्यांना हात घालून वाट बघतात. ‘गुळव्या’ तसाच ठेवलाय.

फळा-खडू
आता मी गोल काढला नसता. शेवटाबद्दल मात्र माझं मत तेच आहे, गोळी वळली का नाही ते कळलंच पाहिजे.

वडणगेकर
मॅडम, चार गडी कड्यांना हात लावून उभे हायेत. वळणार म्हणूनच की.