कोल्हापुरात शुक्रवार पेठेत छोटं कलादालन चालवतोय, मदतीच्या पैशाचा हिशोब कसा बसवायचा?

छापखानावाली
नमस्कार मंडळी. पोस्ट जरा लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.
शुक्रवार पेठेत आमचा जुना छापखाना होता, लग्नपत्रिका, बिलबुकं, तालमीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं असलं सगळं छापायचो. मशिनं विकली आणि खाली दोन खोल्या मोकळ्या राहिल्या. मोबाईल शॉपीला भाड्यानं देऊया असं घरात चाललेलं, पण मी आणि माझी एक मैत्रीण (ती शाळेत ड्रॉइंग शिकवते) आम्ही म्हटलं इथं चित्रं लावूया, आपल्या भागातल्या पोरांची, आणि विक्रीतला वाटा दर वेळी एका चांगल्या कामाला द्यायचा. सध्या मूकबधिर मुलांच्या एका शाळेला देतोय, निम्मे पैसे शाळेला आणि निम्मे चित्रकाराला. आम्ही काही घेत नाही, लाईटबिल माझंच.
आता अडचण अशी की चित्रकार कुरकुर करायला लागलेत. एकानं तर तोंडावर सांगितलं की ताई, दान तुमच्या नावावर आणि रंगाचे पैसे आमच्या खिशातले. राग आला पण उत्तर सुचलं नाही. दुसरं म्हणजे घेणारे विचारतात पावती मिळणार का, ८०जी (देणगीवरची आयकर सवलत) आहे का, आमची तर कसलीच नोंदणी नाही. तिसरं, पेठेतली माणसं दारातनं बघून जातात, आत येत नाहीत. आलीच तर चप्पल बाहेर काढतात आणि विचारतात तिकीट किती.
शिवाय चित्रांची ग्रीटिंग कार्डं छापून विकावीत असंही डोक्यात आहे, छपाईतलं कळतं आपल्याला, तो सगळा पैसा मदतीला जाईल. कुणी असलं काही चालवलंय का? ट्रस्ट काढावा का असंच चालू ठेवावं?

जलरंगी
ताई, तो जो कोण तोंडावर बोलला त्याला माझ्यातर्फे एक चहा पाजा.
हिशोब बघा. मी हाफ शीट जलरंग ८ हजाराला लावला. फ्रेम दीड हजाराची, कागद रंग धरून पाचशे तरी जातात. निम्मे शाळेला गेले की माझ्या हातात ४, त्यातनं खर्च गेला की २ हजार. म्हणजे शाळेला ४ आणि काढणाऱ्याला २. आणि घेणाऱ्याला वाटतं त्यानं दान केलं, त्यानं तर भिंतीवर लावायला चित्र घेतलं की! लग्नातल्या आचाऱ्याला कोण म्हणतं का की जेवण फुकट कर, तुझं नाव होईल? आम्हाला मात्र पूर आला, कोविड आला, कुणाचं ऑपरेशन निघालं की पहिला फोन, एक चित्र द्या की. देतो आम्ही, २०१९ च्या पुरानंतर आनंदानं दिलंय, पण दरवेळी मागणाऱ्याच्या घरात आमचं एकही विकत घेतलेलं चित्र नसतं हे खटकतं.
माझं मत, चित्रकाराला ७० टक्के तरी द्या. मुंबईतल्या धंदेवाईक गॅलऱ्या ३० ते ५० टक्के कापतात, त्यामुळं उरलेल्या ३० वर कुणी तक्रार करणार नाही. त्यातनं तुमचं लाईटबिल काढा (हे काढाच, नाहीतर दोन वर्षांत तुम्हीच कंटाळून मोबाईल शॉपीला जागा द्याल) आणि राहिलेलं कामाला. ज्याला जास्त द्यायचंय तो स्वतःहून फॉर्मवर लिहील, शंभर टक्के देणारेही भेटतील, पण ते त्यानं ठरवायचं.
माणसं आत येत नाहीत त्याला उपाय म्हणजे डेमो. टाऊन हॉलच्या बागेत रंगबहार या कलासंस्थेची मैफल असते तेव्हा बघा, गॅलरीत कधी पाय न टाकलेली माणसं पोर्ट्रेट होताना झाडाखाली उभी राहून बघत असतात, मॉडेलचं नाक जमलं का यावर वाद घालतात. चित्र लावलेलं असलं की माणूस बुजतो, काढताना बघायला बुजत नाही. पेठेतल्याच एखाद्या आजोबांना खुर्चीत बसवा, दार सताड उघडं ठेवा, दोन तासांत गल्ली आत येते का नाही बघा. तो डेमो मी फुकट करीन आणि ते पोर्ट्रेट लिलावात काढून सगळा पैसा शाळेला द्या, तिथं माझी काही तक्रार नाही.
आणि कार्डांचं लेखी विचारा. चित्र विकलं म्हणून कॉपीराइट जात नाही, तो चित्रकाराकडंच राहतो जोपर्यंत तो लिहून देत नाही. चांगल्या कामासाठी छापलं म्हणून सुटका नाही.

तांबडा_पांढरा
एवढा कुटाणा कशाला म्हणतो मी. शाहू स्मारकचं कलादालन हाय दसरा चौकात, आठवडाभर घ्यावं, विकावं, चेक फाडावा, मोकळं व्हावं. स्वतःची जागा म्हणजे रोज झाडू मारा, रोज कुलूप काढा. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्या गावात चित्र बघायला गॅलरीच पायजे असं काय न्हाई.
पण करणारच असशीला तर एक सांगतो, तालमीचा माणूस हाय म्हणून. पेठेत लोक पैसा द्यायला मागंपुढं बघत न्हाईत, हिशोब दिसला पायजे. दारात फळा लावा. कुणाचं चित्र, कितीला गेलं, चित्रकाराला किती, शाळेला किती, कुठल्या तारखेला पोचलं. पीडीएफ नको, व्हॉट्सॲप ग्रुप नको. फळा. येताजाता म्हातारी माणसं वाचत्यात आणि तीच गावभर सांगत्यात.

छापखानावाली
@तांबडा_पांढरा दादा, शाहू स्मारकला आठवड्यानं सगळं उतरवावं लागतं, माणूस दुसऱ्यांदा येईपर्यंत चित्र गेलेलं असतं. इथं एक काका तेच चित्र बघायला चार वेळा आले आणि पेन्शन झाल्यावर घेऊन गेले, हे हॉलमध्ये होत नाही. फळ्याचं पटलं.
@जलरंगी ७० चं गणित मैत्रिणीला दाखवलं, ती म्हणाली मी आधीपासून हेच म्हणत होते 😅 डेमोचं नक्की करूया.

सीए_राजारामपुरी
पावतीबद्दल सांगते, जरा रुक्ष आहे पण वाचा.
तुमची नोंदणी नाही म्हणजे तुम्ही ८०जीची पावती देऊच शकत नाही. आणि दुसऱ्याच्या नावानं का होईना, धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर नोंदणी नसलेल्यांना धर्मादाय आयुक्तांकडनं परवानगी लागते, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, कलम ४१ क. गणपतीच्या आधी मंडळं वर्गणीसाठी काढतात तीच. ती तुम्ही बिलबुकं छापताना ऐकली असेल.
सगळ्यात सोपं म्हणजे मदतीचा पैसा तुमच्या हातात येऊच देऊ नका. शाळा चालवणारी संस्था नोंदणीकृत असणार, तिच्याकडं ८०जी असेल तर तिचाच क्यूआर कोड तुमच्या टेबलावर ठेवा. घेणारा दोन व्यवहार करील, चित्राची किंमत चित्रकाराला (किंवा तुमच्यामार्फत, साध्या बिलावर) आणि देणगी थेट संस्थेला. देणगीची पावती संस्था देईल.
पण लोकांना हे स्पष्ट सांगा की चित्राच्या किमतीवर ८०जी नाही. बदल्यात वस्तू मिळाली म्हणजे ती खरेदी झाली. वर जे वेगळं दिलं तेवढ्यावरच सवलत, तीही जुन्या करप्रणालीत, नव्या प्रणालीत ही वजावट मिळत नाही. रोख २ हजारांच्या वर दिली तरी वजावट नाही. हे आधी सांगितलं नाही तर मार्च संपताना तेच लोक तुमच्या दारात येतात.
ट्रस्टची घाई करू नका. विश्वस्त कोण कोण, दरवर्षी ऑडिट, माणूस बदलला की चेंज रिपोर्ट, आणि पहिल्यांदा १२ए-८०जी (ट्रस्टची आयकर नोंदणी) मिळते ती ३ वर्षांची तात्पुरती. त्यात ट्रस्ट स्वतः चित्रं विकायला लागला तर ते व्यापारी उत्पन्न धरलं जाऊ शकतं आणि सर्वसाधारण लोकोपयोगी कामाच्या ट्रस्टला असल्या उत्पन्नावर २० टक्क्यांची मर्यादा आहे. तुमचं कामच विक्रीवर चालणार, मग काय करणार? त्यापेक्षा दालन तुमचं साधं ठेवा आणि मदत संस्थेची असू दे.
जीएसटीचं कुणी घाबरवेल. नुसता माल विकणाऱ्याला उलाढाल ४० लाखांच्या वर गेल्यावर नोंदणी, सेवेला २० लाख, तिथपर्यंत जाल तेव्हा पार्टी द्या. हातानं काढलेल्या चित्रांवरचा दर सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरनं ५ टक्क्यांवर आलाय, तेवढं माहीत असू दे.

फ्रेमवाला_गंगावेश
पैशाचं सगळ्यांनी सांगितलं, भिंतीचं कुणीच बोललं नाही. जुनी इमारत, शुक्रवार पेठ, तळमजला, म्हणजे जूनपासून भिंतीला ओल येणार. माझ्याकडं गेल्या पावसाळ्यानंतर एक जलरंग आलेला, समोरनं झकास, रंकाळ्यावरची संध्याकाळ, आकाशात मात्र तपकिरी ठिपके. गिऱ्हाईक म्हणतं पक्षी असतील. फ्रेम उघडली तर मागचा हार्डबोर्ड ओला, साधा माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) पिवळा पडलेला आणि चित्र फुगून काचेला चिकटलेलं. ते सोडवताना वरचा रंग काचेवरच राहिला.
म्हणून सांगतो, कागदावरच्या कामाला ॲसिड फ्री माउंट वापरा, त्यामुळं काच आणि कागदात अंतर पण राहतं. फ्रेमच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बटणं लावा म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते. ओल्या भिंतीवर पावसाळ्यात कागद टांगूच नका, तिथं कॅनव्हास नाहीतर लाकडी काम, तेही सुटं ठेवून. लाईट वॉर्म एलईडी घ्या, फोकस जवळ नको, जलरंग उजेडानं उडतो. आणि चित्र टांगताना त्याचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटावर येऊ दे, लोक उगाच देवाच्या फोटोसारखं वर चढवतात.
आता पुराचं. तुमच्याकडं वरचा मजला आहे का? जामदार क्लबकडच्या बाजूला असाल तर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत जावा. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. ३९ झालं की सगळ्या फ्रेमा वर. २०१९ ला व्हीनस कॉर्नरला लोक उद्या बघू म्हणत बसले आणि रात्रीत दुकानं गेली. चित्रं कुणाची आहेत, नुकसान झालं तर कुणाचं, हे चित्रकाराबरोबर कागदावर आधीच लिहून घ्या.

छापखानावाली
वरचा मजला आहे, आम्हीच राहतो. मुलाच्या खोलीत फ्रेमा म्हणजे युद्ध होणार पण चालेल. रबरी बटणं तुमच्याकडंच मिळतील ना?
अजून एक विचारायचं राहिलं. त्या शाळेतल्या मुलांचीच चित्रं लावली तर? आणि पुढच्या वेळी एका बालगृहासाठी करायचं चाललंय, तिथली पोरं पण झकास काढतात. चित्राखाली मुलाचा फोटो आणि दोन ओळी माहिती लिहिली तर लोक लवकर घेतात असं मैत्रीण म्हणते.

खडूफळा
ताई थांबा. मी बालगृहात चित्रकला घ्यायला जाते म्हणून सांगते, फोटो आणि माहिती अजिबात नको. बालगृहातल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नं बंदी आहे, वर्तमानपत्र असो की फेसबुक. नावसुद्धा नको, 'वय ११' एवढं पुरे. मूकबधिर शाळेतल्या मुलांचे आईवडील आहेत, त्यांना विचारून नाव टाका, पण फोटोखाली 'बोलू शकत नाही तरी किती छान' असलं काही लिहाल तर ती मुलं वाचतात हो. आमच्याकडच्या एका पोरानं घोड्याचं चित्र काढलं, त्याच्या शेजारी कुणीतरी त्याची करुण कहाणी चिकटवलेली, त्यानं विचारलं घोड्याबद्दल कायच का नाही लिहिलं.
आणि मुलांच्या चित्राचे पैसे संस्थेच्या सर्वसाधारण खात्यात जाऊन गडप होतात. अधीक्षकांशी आधीच बोलून ठरवा की त्यातनं रंग आणि कागद येणार, आणि ते आले की मुलांना सांगा तुमच्या चित्राचे आहेत. ज्याला चित्र द्यायचं नाही त्याच्याकडनं काढून घेऊ नका, विकलेलं चित्र परत मागणारी पोरं बघितली आहेत मी. फोटो काढून ठेवा, मुलाला प्रिंट द्या, तुम्हाला तर छपाई येते.

तांबडा_पांढरा
घोड्याचं लई भारी 😂
ताई, फळा पायजे असला तर आमच्या तालमीत एक जुना पडून हाय, पाय तेवढा मोडलाय.

छापखानावाली
@खडूफळा हे कुणीच सांगितलं नव्हतं, बरं झालं विचारलं. फोटो रद्द, माहिती रद्द, प्रिंट देणार.
तर आता असं ठरवतोय, चित्रकाराला ७०, दालनाला १५, शाळेला १५, ज्याला जास्त द्यायचं तो फॉर्मवर लिहील. संस्थेचा क्यूआर टेबलावर. कार्डं लेखी परवानगी मिळेल तेवढ्याच चित्रांची. पुढचं प्रदर्शन पाऊस संपल्यावर, दसऱ्यानंतर, डेमोनं सुरुवात. @सीए_राजारामपुरी मॅडम, तो १५ टक्के शाळेचा वाटा तर विक्रीतनंच येतो, तो माझ्या खात्यातनं गेला तर चालेल का?

सीए_राजारामपुरी
चालेल, पण मग ती तुमची देणगी. ७० टक्के बँकेतनं चित्रकाराला द्या आणि त्याची सही ठेवा, १५ तुमचं कमिशन, आणि शाळेचे १५ आधी तुमच्या खात्यात आले म्हणजे तेही तुमच्याच उत्पन्नात धरले जाऊ शकतात. ते संस्थेला चेकनं द्या, पावती तुमच्या नावावर येईल, चित्र घेणाऱ्याच्या नाही. तेवढं फळ्यावर नीट लिहा, 'दालनातर्फे'. चित्रकार म्हणाला माझ्या नावानं जाऊ दे, तर ते १५ आधी त्याच्या खात्यात आणि मग त्याच्याकडनं थेट संस्थेला. जो तोंडावर बोलला ना, त्याला हा दुसरा पर्याय आधी विचारा.